तक्रार क्रमांक लिहून घ्या

‘बंद घराचे कुलूप तोडून अज्ञात चोरट्यांनी कपाटातील दागिने व रोख रक्कम असा ऐवज लंपास केला. पोलीस अधिक तपास करीत आहेत.’ दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ही बातमी इतक्या नेमाने येते, की गाव आणि आकडा बदलला की बाकी मजकूर तसाच ठेवता यावा. अलीकडे तिच्यात एका वाक्याची भर पडली आहे. घरात सीसीटीव्ही होते. किंवा, चोरटे जाताना डीव्हीआरही घेऊन गेले.

ते कॅमेरे कुणी तरी विकलेले असतात, कुणी तरी बसवलेले असतात आणि त्यांच्या देखभालीचे पैसे कुणी तरी दरवर्षी घेत असते. ही मंडळी चोरीच्या दुसऱ्या दिवशी काय करतात, ते बातमीत येत नाही. या लेखाला तेवढाच विषय पुरणार आहे.

पुण्यात कर्वेनगरला एका जुन्या बंगलीत राहणारे एक निवृत्त जोडपे आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत गणित शिकवायच्या. नावे देऊ नका, असे त्यांनी सांगितले. कंपनीच्या भीतीने नव्हे, ‘एवढं करून चोरी झालीच ना’ असे नातेवाइकांनी म्हणू नये म्हणून. मुलगी बंगळुरूला. आई-वडील एकटे राहतात या काळजीने तिनेच एका सुरक्षा कंपनीची यंत्रणा घरी बसवून दिली होती. चार कॅमेरे, दारा-खिडक्यांना चुंबकी सेन्सर, जिन्यात सायरन आणि भिंतीवर एक पॅनेल. कुणी दार उचकटले की सायरन वाजणार आणि पॅनेलमधल्या सिमकार्डावरून तिघांना फोन जाणार. वर वार्षिक देखभालीचा करार, ज्याला या धंद्यात सगळेच ‘एएमसी’ म्हणतात.

दोघे मुलीकडे गेले असताना मागच्या बाल्कनीची ग्रिल कटावणीने वाकवून चोरटे आत आले. सायरन वाजला नाही. फोन कुणालाच गेला नाही. सकाळी कामवाल्या बाईला मागचे दार उघडे दिसले, तेव्हा तिने शेजाऱ्यांना उठवले.

कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या मुलीने अतिशय अदबीने चौकशी केली. ‘सर, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तक्रार क्रमांक लिहून घ्या.’ अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल. काकांनी विचारले, ‘अहो, घर फुटलंय आमचं. आज कुणी येणार नाही का?’ त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण तिच्यासमोरच्या पडद्यावर ‘कॅमेरा बंद’, ‘चित्र अस्पष्ट’, ‘ॲप चालत नाही’ असे पर्याय होते. ‘चोरी झाली’ असा पर्यायच नव्हता. तिने ‘सायरन वाजत नाही’ वर नोंद केली. नोंद तशी खरीच होती.

माणूस चौथ्या दिवशी आला. विशीतला, चुणचुणीत, पाठीला सॅक. पॅनेल उघडल्यावर कळले, की आतली बॅटरी केव्हाच मेलेली आहे. या पॅनेलमध्ये बहुधा बारा व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीची धाकटी बहीण. तीन ते पाच वर्षांत ती बदलावीच लागते. चोरट्यांनी आधी मीटरपेटीतला मेन स्विच पाडला होता, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर होती. काकूंनी एएमसीच्या भेटींचे कागद काढले. चोरीच्या जेमतेम दोन महिने आधीच्या कागदावर ‘बॅटरी’ या चौकटीत टिक होती आणि खाली काकांची सही. त्या भेटीत काय झाले होते, ते काकूंना नीट आठवत होते: मुलाने कॅमेऱ्यांच्या काचा फडक्याने पुसल्या, चहा घेतला, सही घेतली.

बॅटरी धडधाकट असती तरी फोन गेलाच नसता. पॅनेलमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला होता. ते सिम बसवणाऱ्यानेच आणून घातले होते. त्याचा नंबर काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मोबाइल कंपनी रिचार्ज संपत आल्याचे संदेश पाठवत होतीच. ते सगळे पॅनेलच्या पोटात जाऊन पडत होते. या क्षेत्रातला इतका साधा, इतका सर्रास आढळणारा आणि इतका वेडगळ दोष दुसरा नसेल. २०१७च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलची आवाजी सेवा गुंडाळली, पुढच्या वर्षी एअरसेल बुडाली. या कंपन्यांची सिमकार्डे ज्या पॅनेलमध्ये होती ती सगळी मुकी झाली, आणि त्यांचा हिरवा दिवा मात्र जळत राहिला.

निघताना मुलाने ओटीपी मागितला. ‘सर, तो दिल्याशिवाय तक्रार बंद होत नाही.’ काका म्हणाले, ‘मग नको बंद होऊ दे.’ मुलगा रडकुंडीला आला. उघड्या तक्रारींचा हिशेब त्याच्या पगारातून होतो. काकूंना दया आली आणि त्यांनी आकडा सांगितला. संध्याकाळी कंपनीचा संदेश आला, आपली समस्या सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? आणि आठवड्याभरात विक्री विभागातून फोन: नवे मॉडेल आले आहे, जुन्या ग्राहकांना सवलत आहे. बैल गेला नि झोपा केला, असे आपण म्हणतो. इथे बैल गेल्यावर झोपाही त्याच सुताराकडून पुन्हा विकत घ्यायचा होता.

*

हा एका कंपनीचा गलथानपणा म्हणून सोडून देता आले असते. पुण्याच्या तपकीर गल्लीत कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानदाराने मला धंद्याची जी रचना समजावून सांगितली, ती ऐकल्यावर तसे वाटेना. यंत्र एकाचे, विकणारा दुसरा, बसवणारा तिसरा, आणि एएमसीवर सही करणारा कधी कधी चौथाच. ‘माल विकण्यात पैसा आहे साहेब, दुरुस्तीत नुसती कटकट,’ तो म्हणाला. ‘मुलं वर्षभर टिकत नाहीत. ज्यानं पासवर्ड टाकला तो आता स्विगीला असतो.’ घरमालकाच्या डोळ्यांपुढे मात्र एकच कंपनी असते, जिचा स्टिकर फाटकावर लावलेला आहे.

आणखी एक गोष्ट आपण धरून चाललेलो असतो: घंटा वाजली की कुणी तरी येईल. हा धंदा मुळात उभा राहिला तो त्याच बोलीवर. विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट १८५३मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या ऑगस्टस पोप या धर्मोपदेशकाने घेतले. १८५७मध्ये ते एडविन होम्सने विकत घेतले आणि धंदा मांडला. नुसती घंटा विकून भागत नाही, हे होम्सला लवकरच उमगले. १८७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याने घरे-दुकाने तारांनी एका मध्यवर्ती कार्यालयाला जोडली. तिथे रात्रभर माणसे बसत आणि खूण झाली की निघत. पुढे, १९६६मध्ये न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने घरगुती कॅमेरा-यंत्रणेच्या पेटंटसाठी नवऱ्यासह अर्ज केला. तिच्या वस्तीत पोलीस वेळेवर पोहोचत नसत, हे त्यामागचे कारण. दारावरचे माणूस आतल्या पडद्यावर दिसे आणि धोका वाटला तर बटण दाबून मदत मागवता येई. पेटंट १९६९मध्ये मिळाले.

तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस, ही या दोन्ही कल्पनांची जान होती. आपल्याकडे घरगुती यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा आपणच असतो. रात्री अडीच वाजता बंगळुरूत मुलीच्या मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ असा संदेश येणार, आणि तिने तो पाहिलाच तर पुढचे काय ते तिने बघायचे. बँकांच्या एटीएमवर दूर बसून नजर ठेवणारी नियंत्रण केंद्रे भारतात आहेत. घरांसाठी तशी सेवा महाग पडते, म्हणून तिचा शब्द जाहिरातीत असतो आणि वस्तू खोक्यात नसते.

अर्थात, माणूस येणे जिथे गृहीत होते तिथेही ते फाटले. मांजर, वारा, विसरभोळा मालक, कशानेही घंटा वाजते. अमेरिकेच्या न्याय विभागाने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत अशा खुणांपैकी ९४ ते ९८ टक्के खोट्या ठरतात, असे म्हटले आहे. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २०००च्या अखेरीस सांगून टाकले, की आधी कंपनीच्या माणसाने जागेवर जाऊन खातरजमा करावी, मग आम्ही येऊ. मला तो निर्णय बरोबर वाटतो. महिन्याचे पैसे घेणारी कंपनी आणि विनामूल्य धावणारे पोलीस ही विभागणी पुष्कळ वर्षे चालली, हेच आश्चर्य.

*

काकांनी करारपत्र पहिल्यांदा नीट वाचले ते चोरीनंतर. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. इतरांना ‘सही करण्यापूर्वी वाचा’ सांगणारा. बारीक इंग्रजीत तीन पाने. कंपनी ही विमा कंपनी नाही. यंत्रणा चोरी रोखेल याची हमी नाही. नेटवर्क व वीजपुरवठा ही ग्राहकाची जबाबदारी. काहीही झाले तरी कंपनीचे दायित्व त्या वर्षीच्या एएमसी शुल्कापुरते. त्यांचे पाहून मी आणखी काहींची करारपत्रे मागवून वाचली. कंपन्या निराळ्या, पण कलमे जुळ्या भावंडांसारखी. जगभर हा धंदा याच भाषेत करार करतो.

तुलनेसाठी बँकेच्या लॉकरचे उदाहरण घ्यावे. तिथेही बँका वर्षानुवर्षे हेच म्हणत: आत काय ठेवलेत ते आम्हाला माहीत नाही, आमची जबाबदारी नाही. कोलकात्याच्या एका ग्राहकाचा लॉकर भाडे भरलेले असूनही बँकेने फोडला आणि दागिने गहाळ झाले. अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या खटल्यात १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली, आणि रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांत नियम करावेत असा आदेश दिला. नियम आले. १ जानेवारी २०२२पासून आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट. रक्कम फार मोठी होत नाही. पण ‘आमचा काही संबंध नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून बँकेला म्हणता येत नाही. घराच्या सुरक्षा यंत्रणेसाठी असा शंभरपटीचा किंवा दहापटीचाही नियम नाही.

मग उरते ते ग्राहक न्यायालय. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील उणीव म्हणजे काय ते स्पष्ट दिले आहे, आणि न तपासलेल्या बॅटरीवर टिक करणे त्यात चपखल बसते. जिल्हा आयोगात मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही; वकील लावलाच पाहिजे असेही नाही; मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार करता येते. एक मेख मात्र लक्षात ठेवावी. या कायद्याने ‘अन्यायकारक करार’ ही संकल्पना आणली खरी. पण दायित्व मर्यादित करणारे कलमच अन्यायकारक आहे, असे म्हणायचे असेल तर जिल्हा आयोग ती तक्रार घेऊ शकत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. सत्तरीतल्या माणसाने एएमसीच्या काही हजारांसाठी तिथवर जावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. काका सध्या जिल्हा आयोगातच थांबले आहेत, सेवेतील उणिवेवर. त्यांच्या फाइलमधला सर्वांत मौल्यवान कागद तोच, खोट्या टिकेचा.

*

चित्रीकरणाची कथा वेगळीच. कर्वेनगरच्या चोरट्यांनी डीव्हीआर नेला नव्हता, आणि मेन स्विच पडण्यापूर्वी त्यांनी कुंपण ओलांडले तेव्हाचे चित्रण त्यात असणार, असे हवालदारांचे म्हणणे होते. डीव्हीआरचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने सांगितलेला तो स्विगीला गेलेला मुलगा इथे भेटला, म्हणजे भेटला नाही. पासवर्ड पुसून नवा करायला कंपनीला बरेच दिवस लागले. तोवर वीज चालू, कॅमेरे चालू, आणि डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते, हे सांगायचे कुणाला सुचले नाही. उघडले तेव्हा हाती लागले ते पंचनाम्याचे आणि शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याचे चित्रण.

ते वेळेत मिळाले असते तरी नुसते पेनड्राइव्हवर घेऊन चालले नसते. यातला महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याचा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांनी उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले चित्रण. त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की मूळ उपकरणच कोर्टात हजर केले नसेल, तर प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ६३ झाले आहे; प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि चित्रणाचे हॅश मूल्यही, म्हणजे त्या फाइलचा डिजिटल ठसा, त्यात लिहावे लागते. ज्याने यंत्र विकले त्याच्याइतका या कामात उपयोगी दुसरा कोण असणार? तरी मी पाहिलेल्या एकाही एएमसीत चोरीनंतर चित्रण सुरक्षित काढून देण्याचा उल्लेख नव्हता. कॅमेऱ्याची काच पुसण्याचा होता.

विम्याबद्दल थोडक्यात. ‘घराचा विमा आहे’ म्हणणाऱ्यांनी तो कुठला ते बघावे. १ एप्रिल २०२१पासून सर्व विमा कंपन्यांनी द्यायची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप वगैरेंसाठी आहे; चोरी तिच्यात येते ती अशा आपत्तीनंतर सात दिवसांत आणि तिच्यामुळे झालेली. घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. तेही घेतले, तर घरफोडीत बळाचा वापर दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये हरचंद राय प्रकरणात पॉलिसीच्या शब्दांवर बोट ठेवून सांगितले. उघड्या दारातून किंवा बनावट किल्लीने कुणी आत आला तर दावा अडतो. वाकलेल्या ग्रिलचे फोटो म्हणूनच दुरुस्तीपूर्वी काढावेत. शिवाय विमा कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. गुन्हा खरा पण आरोपी सापडले नाहीत, याला आपल्याकडे ‘अ समरी’ म्हणतात, आणि ती मिळवायला चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

*

आतापर्यंत यंत्रांचे झाले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या मनात सुरक्षा कंपनी म्हटले की गेटवरचा वॉचमन येतो, आणि तिथे चोरीनंतरचे नाटक निराळे होते. यंत्राच्या बाबतीत दोष कुणाचाच नसतो. माणसाच्या बाबतीत तो ताबडतोब सापडतो.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीत भर दुपारी फ्लॅट फुटला. चोर कुरिअरवाले म्हणून आले होते. त्या संध्याकाळच्या बैठकीला एरवी कोरम होत नाही अशा सोसायटीतले झाडून सगळे हजर. एजन्सीचा सुपरवायझर आला, त्याने सेक्रेटरींसमोर त्या दुपारच्या वॉचमनला शिव्या घातल्या आणि ‘त्याला काढून टाकला’ असे जाहीर केले. एजन्सीने काय केले, असे विचारले तर ‘ॲक्शन घेतली’. नुकसानभरपाईचा विषय निघाल्यावर करारपत्र पुढे आले: आम्ही मनुष्यबळ पुरवतो, ऐवजाची जबाबदारी घेत नाही.

दक्षिण आफ्रिकेत हेच वाक्य एका कंपनीला महागात पडले. जोहान्सबर्गच्या एका कुटुंबाने घरावर चोवीस तास पहारा ठेवला होता आणि परवानगीशिवाय कुणालाही आत घ्यायचे नाही, असे कंपनीला बजावले होते. जानेवारी २००९मध्ये निळा दिवा लावलेल्या गाडीतून पोलिसांच्या वेषात दरोडेखोर आले. पहारेकऱ्याने दार उघडले. कंपनीचे म्हणणे, पोलीस म्हटल्यावर कुणीही उघडले असते. अपील न्यायालयाला ते पटले. घटनात्मक न्यायालयाने मात्र २० मार्च २०१४ रोजी ते फेटाळले: न विचारता कुणाला आत घ्यायचे नाही, यासाठीच तर पैसे घेतले होते, कंपनी जबाबदार. त्या कुटुंबाने काय हवे ते सांगून ठेवले होते, हा या खटल्याचा कणा. आपल्या सोसायट्या करारात ‘दोन गार्ड, बारा तास’ एवढेच लिहून घेतात. मग एजन्सी दोन गार्ड बारा तास देते.

तो गार्ड कसा असावा, हे मात्र कायद्याने ठरवलेले आहे. २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याखालचा परवाना, ज्याला सगळे ‘पसारा लायसन्स’ म्हणतात, त्यावाचून एजन्सी चालवता येत नाही. रक्षकाचे वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी सक्तीची, फोटोचे ओळखपत्र सक्तीचे. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे प्रशिक्षण. पंधरा रक्षकांमागे एक सुपरवायझर. महाराष्ट्रात तर त्याही आधीपासून, १९८१पासून, खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा आणि मंडळे आहेत. यंत्र विकणाऱ्या-बसवणाऱ्या कंपन्यांसाठी मात्र २००५च्या कायद्यात स्वतंत्र असे काहीच नाही. तो पूर्णपणे उभ्या माणसाभोवती लिहिलेला आहे. गंमत अशी, की जिथे कायदा आहे तिथेही सोसायटीच्या बैठकीत परवान्याची प्रत किंवा प्रशिक्षणाचा दाखला कुणी मागत नाही. मासिक दर विचारतात, आणि तो शेजारच्या सोसायटीपेक्षा कमी करून मागतात.

घोडबंदरच्या सोसायटीने महिनाभरात एजन्सी बदलली. निळा गणवेश जाऊन खाकी आला, नव्या करारात दर थोडा उतरला, त्यामुळे कमिटी खूश होती. दिवाळीच्या सुमारास मी तिथे गेलो तेव्हा गेटवर रजिस्टर पुढे करणारा माणूस ओळखीचा वाटला. ‘काढून टाकलेला’ तोच. नांदेडकडचा, पन्नाशीचा. जुन्या एजन्सीने त्याला दुसऱ्या बिल्डिंगवर टाकले होते. तिथून तो या नव्या एजन्सीत आला आणि फिरून याच गेटवर. कमिटीतल्या कुणाच्या हे लक्षातही आले नव्हते. पगाराचे विचारले तर म्हणाला, तेवढाच, पण पहिल्या महिन्यात ड्रेसचे पैसे कापले.

‘आणि ट्रेनिंग? नव्या कंपनीनं दिलं का?’

‘फोटो काढला साहेब कार्डासाठी. म्हणले, झालं.’ मग मागे उभ्या कुरिअरवाल्याकडे वळून त्याने विचारले, ‘कोणत्या फ्लॅटचं?’ आणि उत्तराची वाट न पाहता रजिस्टर त्याच्यापुढे सरकवले.